टोकाला लिंबू

"मॅडम, जरा ती वरची लाईट लावा, म्हणजे नीट दिसेल," असं म्हणत संपतराव डुबलांनी लाल फडक्यातलं गाठोडं माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीवर ठेवलं. पेशंट डोकं टेकतो नेमकं तिथेच. गाठ सोडली तर आत एक कट्यार आणि तिचं मळकं म्यान. पातं वीतभर, एका बाजूलाच धार, मुठीवर जरीची किनार गच्च गुंडाळलेली, आणि पात्यावर कुंकवाचे इतके थर चढलेले की खालचं लोखंड शोधावं लागत होतं.

"जपानी आहे," संपतराव म्हणाले. "तुम्हाला जुन्या हत्यारांचं कळतं असं ऐकलं, म्हणून आणली."

कळतं म्हणजे काय, नुसता नाद होता. मी दातांची डॉक्टर, कराडला आमचा दवाखाना. जुन्या सुऱ्या-कट्यारी जमवायला लागून मला वर्षसुद्धा झालं नव्हतं आणि तेवढ्यात एकदा मी पुरती गंडले होते. एका जत्रेत एकाने शिवकालीन म्हणून माझ्या गळ्यात मारलेल्या कट्यारीच्या मुठीत, घरी आणून उघडल्यावर, तेलाच्या डब्याचा पत्रा निघाला. आमचे हे, श्रीपाद, साखर कारखान्यात केमिस्ट. त्यांनी ती स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवली आणि येईल त्याला 'आमची शिवकालीन नारळफोडणी' म्हणून दाखवायला सुरुवात केली. ही गोष्ट संपतरावांपर्यंत पोचलेली नव्हती, आणि मीही ती सांगितली नाही.

संपतराव कोयनाकाठच्या एका गावचे, सोसायटीचे चेअरमन. बोलायला मोकळा माणूस, पण घराण्याचा विषय निघाला की पाठ ताठ करून बसायचे. त्यांचे वडील तात्या मागच्या मोठ्या लढाईत बर्मात होते. तिथे एका जपानी कॅप्टनला आडवा करून त्याच्या कमरेची ही कट्यार त्यांनी आणली, असं संपतराव म्हणाले. तेव्हापासून भावकीतला एकही नवरदेव ही हातात घेतल्याशिवाय बोहल्यावर चढलेला नव्हता. स्वतः संपतरावही नाहीत.

"आता माझ्या उज्ज्वलाचं लग्न आहे वैशाखात," ते म्हणाले. "सोयरे कागलकडचे, मोठं घर. त्यांनी मुद्दाम विचारलं, ती कट्यार आमच्या मुलाच्या हातात येणार ना? मी म्हटलं नुसती हातात काय, आहेरच करतो. त्याच दिवशी तात्यांचा सत्कार. एक रिटायर कर्नल येणार आहेत. तर झळकली पाहिजे बघा. आणि चार ओळी लिहून द्या, जपानी कॅप्टनची, अमुक काळातली. मी पाटी रंगवून घेतो."

"आणि कॅप्टनची नसली तर?"

संपतराव हसले. "नसली तर तुमच्याकडंच ठेवा, पण गावात परत आणू नका. पन्नास वर्षं छाती फुगवून सांगतोय आम्ही."

ते गमतीनं म्हणाले. माझ्या मनात मात्र ते वाक्य रुतून बसलं, कारण तोवर मी पातं दिव्याखाली धरलं होतं आणि कुंकवाच्या फटीतून धारेलगत एक पांढुरकी, धुक्यासारखी रेघ मला दिसली होती. तशी रेघ, अस्सल जपानी पात्याची खूण, मी आजवर फक्त पुस्तकात पाहिली होती. मला ती कट्यार हवी होती. खरं सांगायचं तर, त्या क्षणी दुसरं काही नकोच होतं.

घरी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी कामाला लागले. माझ्या भावाने परदेशातून पाठवलेलं एक जाडजूड पुस्तक होतं, त्यात नवशिक्यांसाठी एक अख्खं प्रकरण. त्यातला निम्मा मजकूर काय करू नका याचाच होता. घासू नका. लिंबू, चिंच, राख, पॉलिश, काही लावू नका. मुठीत लपलेल्या पात्याच्या शेपटाचा गंज तर अजिबात काढू नका, कारण त्या गंजाच्या रंगावरूनच जाणकार वय ठरवतात. तो काढला की हत्याराचा जन्मदाखलाच फाडल्यासारखं होतं.

"एवढं कशाला?" श्रीपाद म्हणाले. "तुझ्याकडे कवळ्या चमकवायचं मशीन आहे. दोन मिनिटांत आरसा होईल."

"हात लावून तर बघा."

"मी नारळफोडणीलासुद्धा विचारूनच हात लावतो," म्हणून ते चहा करायला गेले.

जरीची किनार सोडवली तर खाली साधी गुळगुळीत लाकडी मूठ निघाली आणि तिच्यात बांबूची बारीकशी खुंटी. विणकामाच्या जुन्या लाकडी सुईने ती हलकेच ढकलली. खुंटी निघाली, मूठ सरकली आणि आतलं शेपूट बाहेर आलं. काळंभोर, तुळतुळीत, गुळाच्या ढेपेच्या पाठीसारखं. नाव-गाव काही कोरलेलं नव्हतं. डुबलांच्या घरी दर खंडेनवमीला या पात्याला विटेचा भुगा लागला होता, त्याचे ओरखडे उजेडात स्पष्ट दिसत होते. पण मूठ निघते हे पन्नास वर्षांत कुणाला समजलंच नव्हतं, म्हणून तेवढं वाचलं. मला इतका आनंद झाला की मी श्रीपादना ओढून आणून ते दाखवलं, आणि त्यांनीही शहाण्यासारखं छान आहे म्हटलं.

पुस्तकात लिहिलं होतं की पातं पुसायला पातळ तेल घ्यावं आणि त्यात किंचित लवंगेचं तेल असावं, जपानात तशीच रीत आहे. हे वाचून मला हसू आलं. लवंगेच्या तेलाची बाटली माझ्या टेबलावर कायमचीच. दुखऱ्या दाताला बोळा लावतो तेच ते. तेल लावायचं, थांबायचं, मऊ सुती फडक्याने टिपायचं, परत लावायचं. असं रोज संध्याकाळी करता करता कुंकू सुटत गेलं, हळद सुटली, तांबडा गंज मऊ पडून फडक्यावर उतरू लागला.

एक गोष्ट मात्र उलगडेना. सगळं पातं बऱ्या स्थितीत, पण टोक पार खाल्लेलं. नखाएवढाच भाग, त्याला खड्डेच खड्डे पडलेले. दमट हवेने म्हणावं तर ती टोकालाच कशी लागेल?

श्रीपादनी भिंग घेऊन पाहिलं. "हे आम्लाने खाल्लंय. थोडं थोडं, पुनःपुन्हा. नवरदेवाच्या कट्यारीला काय लावतात गं त्यांच्यात?"

"लावत नाहीत काही," मी म्हटलं. "लिंबू खोचतात टोकाला." आणि मग मी खुर्चीवर बसलेच. लग्नात नवऱ्याला दृष्ट लागू नये, म्हणून कट्यारीच्या टोकाला लिंबू. भावकी केवढी, लग्नं किती, आणि प्रत्येक वेळी हळदीपासून वरातीपर्यंत ते लिंबू तसंच.

आता आणखी एक लिंबू मला सहन होण्यासारखं नव्हतं. शिवाय एक शंका माझ्या डोक्यात वाढत होती. कट्यारीला हात अडवायची चकती नव्हती. लढाईतल्या हत्यारापेक्षा अंग नाजूक. काळ्या लाखेच्या म्यानावर मळाखालून सोनेरी फुलांची एक वेल निघाली होती. पुस्तकात शेवटीशेवटी एक पान होतं, जपानी बायकांच्या कट्यारीचं. काइकेन म्हणतात तिला. घरंदाज बायका ती कमरपट्ट्यात ठेवत, भरजरी कापडाच्या छोट्या पिशवीत घालून. चित्र हुबेहूब होतं, पण पिशवी माझ्याकडे नव्हती, आणि नुसत्या फुलांवरून मी कोणाला काय सांगणार? मात्र ती बाईची ठरली, तर संपतराव ती गावात नेणार नव्हते. ती माझीच होणार होती. फक्त खरं बोलायचं होतं, आणि खरं बोलायला मी एका पायावर तयार होते.

त्याच आठवड्यात तात्या कवळीचं माप द्यायला आले. सत्काराला दात पाहिजेत, असा संपतरावांचा हट्ट. उंच, वाळलेला माणूस, सत्तरी कधीच ओलांडलेली, धोतर, पांढरा सदरा, तोंडात एकही दात नाही. संपतराव त्यांना सोडून बाजारात गेले. मी मापाचा मसाला कालवेपर्यंत तात्यांनी कमरेची तंबाखूची पिशवी काढली.

"तात्या, इथे तंबाखू नाही," मी म्हटलं आणि पिशवी त्यांच्या हातून काढून घेतली.

काढून घेतली आणि तशीच धरून उभी राहिले. पिशवी निमुळती, लांबट, दोरी ओवलेली. कापड झिजून जाळी झालेलं, पण शिवणीच्या आत अजून तांबडा रंग होता आणि त्यावर सोनेरी तारांची फुलं. म्यानावरची तीच वेल.

तात्या माझ्याकडे बघत होते. मग अगदी शांतपणे म्हणाले, "कळलं न्हवं? बाईची हाय ती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला म्हाईत नसून कसं चालंल? मीच आणली की." त्यांनी पाय खुर्चीवर नीट घेतले. "लढाईत मी खेचरं हाकायचो, बाई. दारूगोळा न्यायचा, जखमी आणायचं. माणूस न्हाई मारला. एक बी न्हाई. जपान हारलं, शरण आलं, तवा त्यांच्यातली एक नर्स हुती. तापानं फणफणलेली, पायांत काय न्हाई, चिखल ह्यो एवढा. तिला माझ्या खेचरावर घातली आन् कँपापातूर आणली. वाटंत पाणी पाजायचो, भात शिजवून घालायचो, बास. कँपाच्या दारात सगळ्यांची हत्यारं ढिगावर टाकून घेत हुते. हिनं कपड्यातनं ही काढली, पिशवीसकट. ढिगावर न्हाई टाकली. दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. कायतरी बोलली. काय बोलली ते मला आजवर कळलं न्हाई."

"मग कॅप्टनचं कुठून आलं?"

"आमच्या वडलांनी आणलं. मी गावात आलो तवा चावडीवर सगळी जमलेली. वडलांनी कट्यार वर धरली आन् म्हनलं, गणपानं जपान्याला आडवा केला. मी म्हनलं, न्हाई हो दादा. ते म्हनलं, गप ऱ्हा. पयल्यांदाच माझ्याकडं अभिमानानं बघत हुतं ते. मी ऱ्हायलो गप. मग पोरं झाली, नातवंडं झाली. कॅप्टन वाढतच गेला. आता तर म्हनं सहा फूट हुता."

मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग ते म्हणाले, "तुमी काय लिवणार हाय पाटीवर?"

मसाला घट्ट व्हायला आला होता. ट्रे त्यांच्या तोंडात बसवला आणि बोटांनी दाबून धरला. आता काही वेळ त्यांना बोलता येणार नव्हतं. त्यांना नाकाने श्वास घ्यायला सांगितलं, आणि गप्प उभं राहण्यापेक्षा पुस्तकातलं जे होतं ते सांगायला लागले. की तात्या, ही कट्यार नर्सला सैन्यात मिळालेली नसणार. ही घरची असते. तिकडे मुलगी सासरी निघाली की आई तिच्या कमरपट्ट्यात ही खोचते. लग्नाच्या दिवशी, नवरीच्या वेशावर. परक्या घरी जातेस, सांभाळून राहा म्हणून. आईकडून मुलीला, तिच्याकडून तिच्या मुलीला, अशी जाते.

तात्यांनी डोळे मिटले. तोंडात ट्रे, हनुवटीवर माझा हात, आणि कानशिलांवरून दोन्हीकडे पाणी वाहायला लागलं. माप घेताना कधीकधी पेशंटच्या डोळ्यांत पाणी येतं, मळमळतं म्हणून. मी त्यांना नाकाने श्वास घ्या म्हणून पुन्हा सांगितलं. ते मळमळीचं नव्हतं हे मला समजत होतं.

ट्रे काढल्यावर त्यांनी चूळ भरली, धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "मग त्यात जावयाचं काय हाय? ती उज्ज्वलाची."

"तात्या, असं करायचं तर सगळं सांगावं लागेल. सत्काराच्या दिवशी, सगळ्यांसमोर."

"व्हय."

"लोक हसतील. बायकांची कट्यार घेऊन आमचे नवरदेव मिरवले म्हणतील. संपतराव तर..."

"संपत चिडंल," तात्या म्हणाले. "तुमी कुणाला काय बोलू नगा. मी बगतो. दात तेवढं वेळंत द्या."

ते गेल्यावर मी फोनजवळ बराच वेळ बसले. एक फोन करायचा, संपतराव, कट्यार बाईची आहे असं सांगायचं, की विषय संपला. कट्यार माझ्या कपाटात आली असती, टोकाचे खड्डे वाढायचे थांबले असते आणि मंडपात म्हाताऱ्यावर तोंड उघडायची वेळ आली नसती. सगळ्यांचंच भलं झालं असतं, एक उज्ज्वला सोडून. आणि त्या मुलीला तर मी अजून पाहिलंही नव्हतं. शेवटी मी फोन केला तो, कट्यार लग्नाच्या दिवशी स्वतः घेऊन येते आणि पाटीसाठी ओळी तेव्हाच देते, एवढंच सांगायला. निघताना काय मनात आलं कुणास ठाऊक, स्वयंपाकघरातली नारळफोडणीही पिशवीत टाकली.

मंडप मोठा होता. सोयऱ्यांची माणसं पुढच्या खुर्च्यांवर, फेट्यांची रांगच लागलेली. स्टेजच्या बाजूला मखमल घातलेलं टेबल आणि त्यावर पाटी तयार. माझ्यासाठी न थांबता संपतरावांनी रंगवूनही घेतली होती: 'हवालदार गणपतराव डुबल यांनी जपानी कॅप्टनला ठार करून मिळवलेली कट्यार.' मी ती वाचत होते तेवढ्यात संपतरावांनी माझ्या हातून कट्यार घेतली, म्यानातून काढून, म्यान माझ्याच हातात ठेवून वा म्हणाले, आणि मला बोलायची संधी मिळायच्या आत कुणीतरी तिच्या टोकाला लिंबू खोचून ती नवरदेवाच्या हातात दिलीसुद्धा. इतक्या संध्याकाळी मी जे पातं टिपलं होतं, त्याच्यावर परत रस ओघळत होता.

अक्षता पडायला वेळ होता, म्हणून सत्कार आधी घेतला. कर्नलसाहेब चांगलं बोलले. शाल, फेटा, नारळ झाला. माईक तात्यांपुढे आला. नवे दात त्यांना अजून सरावाचे नव्हते, बोलताना शीळ वाजत होती.

"साहेब चांगलं बोललं," तात्या म्हणाले. "पर ते दुसऱ्या कुणाचं तरी हाय. मी खेचरं हाकली. कॅप्टन मी बघितला बी न्हाई. ही कट्यार एका बाईनं दिली मला. आजारी हुती, तिला खेचरावर घातली म्हणून दिली. तिच्या आईनं तिला लग्नात दिल्याली असणार. हे मला आता डाक्टरीणबाईंनी सांगितलं. मग इतकी वर्सं मी ती चुकीच्या हातांत देत आलो."

मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग आणखी दोघंतिघं. संपतरावांचा चेहरा फेट्याइतका लाल झाला होता. ते माईककडे निघाले, "तात्या, पुरे आता, आबरू..."

"बस खाली," तात्या म्हणाले. "तुज्या आज्ज्यानं मला गप बसवलं. तू नगं बसवू."

संपतराव जिथे होते तिथेच उभे राहिले. तात्या स्टेजवरून उतरले, नवरदेवापुढे गेले आणि हात पुढे केला. तो पोरगा भला होता. त्याने एकदा स्वतःच्या बापाकडे पाहिलं आणि मुकाट्याने कट्यार त्यांच्या हातात दिली. तात्यांनी लिंबू उपटून माझ्याकडे दिलं, मी रुमालाने पातं पुसलं, म्यान दिलं. मग त्यांनी कमरेची पिशवी काढली, उलटी करून तंबाखू तिथेच मखमलीवर झाडली आणि कट्यार तिच्यात घातली. ती तिच्यात नेमकी बसली. पन्नास वर्षांनी.

उज्ज्वला आतल्या खोलीच्या दारात आली होती, मुंडावळ्या बांधलेली. तात्यांनी तिच्या शालूच्या कंबरपट्ट्यात ती पिशवी खोचली. "परक्या घरी चाललीस," ते म्हणाले. आणखी काही बोलायचं होतं, पण शीळच वाजली, आणि उज्ज्वलाने त्यांना मिठी मारली. बायकांच्या बाजूला रडण्याचा आवाज उठला. कर्नलसाहेब उठून उभे राहिले होते.

तेवढ्यात भटजी म्हणाले, "मुहूर्त निघून चाललाय आणि नवरदेवाचा हात मोकळा आहे." सगळे इकडेतिकडे बघायला लागले. मी पिशवीतून नारळफोडणी काढली, तात्यांनी दिलेलं लिंबू तिच्या टोकाला खोचलं आणि नवरदेवाच्या हातात दिली. लग्न लागलं.

संपतराव माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. मग पुतण्याचं लग्न ठरलं तेव्हा दवाखान्यात आले आणि खाली मान घालून म्हणाले, "ती तुमची कट्यार देता का?" मी दिली, ती आजतागायत परत आलेली नाही. भावकीत आता नवरदेव तीच घेतात. श्रीपाद म्हणतात, नकली का होईना, लिंबाला ती टिकून आहे.

तात्या जाऊनही आता खूप वर्षं झाली. उज्ज्वला मात्र दर पावसाळ्यानंतर कट्यार घेऊन येते, मी लवंगेचं तेल लावून देते. यंदा ती मुलीला घेऊन आली होती. मुलीचं लग्न ठरलंय. त्या मुलीने पिशवी नाकाला लावली आणि तोंड वाकडं करून विचारलं, "मावशी, हा तंबाखूचा वास जाणार नाही का?"

"जाईल की," मी म्हटलं. "पण मी काढणार नाही."